सिटिंगमध्ये घडलेली तबकडी : वीस वर्षांचा संयोजक रॉबर्ट कर्बी

१९६८ साली लंडनच्या एका स्टुडिओत एका नव्या गायकाची काही गाणी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाली. ती ऐकून निर्मात्यानं बाजूला ठेवून दिली. वादक कसलेले होते, संयोजक (म्हणजे चालीभोवती कुठलं वाद्य काय वाजवेल ते लिहून देणारा, अरेंजर) मुरलेला होता, पैसे खर्च होऊन गेले होते, तरी हे तबकडीवर जाणार नाही असं ठरलं. तेव्हा गायकानं भीतभीत सुचवलं, केंब्रिजला माझा एक मित्र आहे, त्यानं माझ्या काही गाण्यांसाठी लिहून ठेवलंय, तो बरं करेल. हा गायक एरवी चार वाक्यं सलग बोलायचा नाही. मित्र विद्यार्थी होता आणि लंडनच्या धंद्यात संयोजक म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं.

गायक निक ड्रेक, निर्माता जो बॉइड, आणि मित्र रॉबर्ट कर्बी. बॉइडनं मित्राला बोलावलं. त्यातून १९६९ साली आयलंड कंपनीची 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' ही तबकडी आली. सिगारेट वळायच्या कागदांच्या पाकिटात 'आता पाचच पानं उरली' अशी सूचना देणारा एक कागद असे, त्यावरून हे नाव.

मी संयोजनाचं काम करतो आणि अधूनमधून शिकवतोही. सुरुवात करणारी मुलं विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, कुठली साउंड लायब्ररी घेऊ, व्हायोलिन खरी वाटावीत म्हणून काय करू. मी त्यांना हे प्रकरण सांगतो, कारण एकाच गायकाच्या एकाच तबकडीसाठी इथं तीन संयोजक एकापाठोपाठ एक आले. एकाचं काम नाकारलं गेलं, दुसऱ्याचं स्वीकारलं गेलं, आणि एक गाणं दुसऱ्यानं स्वतःहून तिसऱ्यासाठी सोडलं. इतकी स्वच्छ तुलना आमच्या धंद्यात क्वचित हाती लागते.

'फोक' म्हणजे इथं काय

मराठी वाचक 'फोक' म्हटलं की लावणी, पोवाडा, गोंधळ, भारूड असं काही डोळ्यांसमोर आणतो, म्हणजे कर्ता माहीत नसलेलं किंवा परंपरेनं चालत आलेलं गाणं. इंग्लंडमध्येही मूळ अर्थ तोच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं लोकगीतांचं पुनरुज्जीवन झालं, गावोगावी पबच्या माडीवर फोक क्लब सुरू झाले, आणि त्यात जुन्या गाण्यांबरोबर नवी, स्वतः रचलेली गाणीही गायली जाऊ लागली. लंडनच्या सोहो भागातल्या ग्रीक स्ट्रीटवर 'ले कुझां' नावाचा क्लब होता. तिथं बर्ट जान्शसारखे गिटारवादक वाजवत. डेव्ही ग्रॅहमनं गिटारच्या तारा वेगळ्या स्वरांत लावून वाजवायची वाट आधीच घालून दिली होती. त्या वाटेनं आलेल्या पोरांच्या गाण्यांनाही लोक 'फोक'च म्हणत. ड्रेक त्यांतलाच एक. त्याची गाणी स्वतःची, एकट्याच्या आवाजात, गिटारच्या साथीनं. स्वभावानं ती आपल्या भावगीताच्या जवळची आहेत आणि बोटं मात्र फोक क्लबातली.

ही फोड आधी करून घेतली, कारण भावगीताच्या संयोजनात जो पेच असतो तोच इथं होता. एक आवाज, एक वाद्य, आणि शब्द कानाशी येऊन बोललेले. त्याला वाद्यवृंद द्यायचा तर किती आणि कुठं? फोकच्या कडव्या मंडळींना व्हायोलिन घालणं हीच बाटवाबाटवी वाटे. उलट तबकडीच्या बाजारात नुसत्या गिटारवर गाणारा नवा मुलगा चालेल याची खात्री नव्हती.

दोन मुलं, दोन महिन्यांचं अंतर

कर्बीचा जन्म एप्रिल १९४८ चा, ड्रेकचा जून १९४८ चा. ड्रेक जन्मला रंगूनमध्ये आणि वाढला इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यातल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात. आई मॉली स्वतः पियानोवर गाणी रचायची. मार्लबरोच्या निवासी शाळेत तो पियानो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, गिटार नंतर आली. १९६७ च्या शरद ऋतूत तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला गेला. तिथंच गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात कर्बी संगीत शिकत होता.

कर्बीचा पिंड समूहगायनाचा. चर्चच्या समूहगायनात चार पट्ट्यांचे आवाज एकमेकांत मिसळूनही आपापल्या ओळीनं चालतात. मधला आल्टो किंवा टेनर नुसता भरणा करत नाही, त्यालाही स्वतःची चाल असते आणि तीही श्वास घेऊन गाता यायला हवी. या शिस्तीत वाढलेला माणूस व्हायोलिन-व्हायोलासाठी लिहायला बसला की तो गाता येईल असंच लिहितो. कर्बीची तंतुवाद्यं ऐकताना मला पहिल्यांदा हेच जाणवलं. मधली व्हायोला वेगळी काढून गुणगुणली तरी ती पूर्ण वाटते.

हे आपल्याला परकं नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात संयोजनाचा पाया ज्यांनी घातला त्यांतले कितीतरी जण गोव्याच्या चर्चशाळांत 'मेस्त'च्या, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकाच्या, हाताखाली नोटेशन आणि समूहगायन शिकून आले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनकडे वर्षानुवर्षं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि ही मंडळी तिथंच कागदावर वाद्यवृंद उभा करायची. चाल सांगणारा आणि लिहून घेणारा एका खोलीत समोरासमोर बसलेत, याला आपण 'सिटिंग' म्हणतो. केंब्रिजमध्ये जे घडलं त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

सा प सा म सा ग

ड्रेक कर्बीकडे गिटार घेऊन यायचा आणि वाजवायचा. पुन्हा वाजवायचा. कर्बी ते टेपवर घ्यायचा. पण नुसत्या टेपनं भागत नव्हतं, कारण ड्रेकच्या तारा नेहमीच्या पद्धतीनं लावलेल्या नसत. कुठल्या तारेवर कुठं बोट आहे, कुठली तार मोकळी वाजते, कुठला स्वर त्यातून आपोआप घुमतो, हे एकेका स्वरमेळासाठी (कॉर्डसाठी) शेजारी बसून पाहावं लागे. कर्बीनं पुढं मुलाखतींत हे सविस्तर सांगितलं आहे.

एक उदाहरण घेऊ. ड्रेकची एक आवडती जुळवणी होती सी-जी-सी-एफ-सी-ई, खालच्या जाड तारेपासून वरच्या बारीक तारेपर्यंत. दुसऱ्या तबकडीतल्या 'हेझी जेन वन'मध्ये ती आहे. सीला षड्ज माना, म्हणजे तारा होतात सा प सा म सा ग. मराठी कानाला यातली गंमत लगेच कळेल. तंबोऱ्याची पहिली तार आपण पंचमाला लावतो किंवा मध्यमाला, रागाप्रमाणे एकच. इथं पंचम आणि मध्यम दोन्ही मोकळ्या तारांवर आहेत आणि तीन षड्ज त्यांना धरून बसलेत. वर गंधार आहे, त्यामुळे काहीही न दाबता सगळ्या तारा छेडल्या तरी एक गोड पण किंचित अधांतरी स्वरमेळ उमटतो. मध्यम त्याला टेकू देत नाही, लोंबकळत ठेवतो. नेहमीच्या गिटारमध्ये सर्वांत खालची तार ई असते, ती इथं सीपर्यंत उतरलेली, म्हणजे खर्जही अधिक खोल.

आता संयोजकाच्या बाजूनं पाहू. अशा गिटारीखाली चेलोनं तोच खर्ज धरला की खाली गढूळ होतं. वरच्या गंधाराच्या आसपास व्हायोलिननं लांब सूर लावला की त्या मोकळ्या तारेची किणकिण मरते. स्वरमेळाचं इंग्रजी नाव कागदावर लिहून 'इथं सी मेजर' म्हटलं तर तो लोंबकळता मध्यम हिशेबातच येत नाही, आणि व्हायोलात कुणी नीटनेटका स्वर लिहिला की दोन वाद्यं एकमेकांना चावतात. म्हणजे या गाण्यांत मोकळी जागा फार थोडी होती आणि ती कुठं आहे हे गिटारवादकाच्या बोटांवरच लिहिलेलं होतं. कर्बीनं ती बोटं पाहिली होती. केंब्रिजमधल्या विद्यार्थी वादकांना घेऊन दोघांनी ही गाणी लोकांसमोर वाजवूनही पाहिली होती. स्टुडिओत पाय ठेवण्याआधी त्या नोटेशनची एक परीक्षा होऊन गेली होती.

नाकारलेलं ध्वनिमुद्रण

पहिले संयोजक रिचर्ड ह्यूसन. त्यांच्याविषयी नीट बोललं पाहिजे, कारण या गोष्टीत त्यांना सहज खलनायक केलं जातं आणि ते बरोबर नाही. १९६८ सालीच मेरी हॉपकिनचं 'दोज वेअर द डेज' हे गाणं त्यांच्या संयोजनासह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. बीटल्सच्या शेवटच्या तबकडीतल्या 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'चा वाद्यवृंदही त्यांनीच लिहिला. हा माणूस आपलं काम जाणत होता.

बॉइडला काय हवं होतं ते त्यानं स्वतः नंतर सांगितलं आहे. गायक-कवी लेनर्ड कोहेनच्या पहिल्या तबकडीत निर्माता जॉन सायमननं आवाजाभोवती वाद्यं ज्या रीतीनं मांडली होती ती त्याच्या मनात होती. आवाजाला उशी देणारी नव्हे, आवाज पुढं आणणारी. ह्यूसनची संयोजनं सफाईदार होती, पण लक्ष गाण्यावरून वाद्यांकडे जात होतं.

माझ्या मते इथं माणूस चुकला नाही, पद्धत चुकली. त्या काळच्या लंडनमध्ये ठरलेली रीत अशी : संयोजकाकडे गाण्याची टेप जायची, तो घरी बसून लिहायचा, स्टुडिओत तीन तासांचं सत्र लागायचं, वादक समोरचा कागद पहिल्यांदा पाहून वाजवायचे, आणि घड्याळ संपलं की संपलं. नेहमीच्या पॉप गाण्याला ही रीत चालते. तिथं चाल आणि स्वरमेळ एवढं कळलं की पुरतं. ड्रेकच्या गाण्याचा निम्मा जीव टेपवरून कागदावर न उतरणाऱ्या गोष्टींत होता.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण माझ्या हातून हेच घडलंय. काही वर्षांपूर्वी एका बाईंची जात्यावरची ओवी संयोजनासाठी आली होती. फोनवर घेतलेलं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. बाई गावी, मी शहरात, मुदत जवळ आलेली. मी स्केल काढलं, लय मोजली, व्हायोलिनचा भरणा केला, मधले म्युझिक पीसेस लिहिले आणि ट्रॅक तयार ठेवला. बाई स्टुडिओत आल्या, हेडफोन लावले आणि त्यांना गाताच येईना. ओवीच्या तिसऱ्या चरणानंतर त्या जात्याचा एक फेरा जाऊ देतात, मग चौथा चरण उचलतात. तो फेरा कधी लांब असतो, कधी आखूड. मी तिथं चार मात्रांचं माप घालून वर व्हायोलिन चढवली होती. त्यांच्या गाण्यात श्वास घ्यायची जी जागा होती तिथं मी वाजत होतो. ट्रॅक बाजूला ठेवला, बाईंशेजारी जमिनीवर बसलो, आणि दुपारभर नुसतं ऐकलं. शेवटी त्या ओवीला एकच एकतारी उरली. ती दुपार आधी झाली असती तर बाईंचा तो अवघडलेला सकाळचा तास वाचला असता, याची खंत मला आजही आहे.

चेल्सीतली जुनी डेअरी

ध्वनिमुद्रण लंडनच्या चेल्सी भागातल्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत झालं. इमारत मूळची डेअरीची. जॉन वूड आणि जेफ फ्रॉस्ट यांनी ती स्टुडिओसाठी घेतली. आत छताची उंची सगळीकडे सारखी नव्हती, कुठं उंच, कुठं बुटकी, त्यामुळे वादक कुठं बसवतो त्यावर नादाचा पोत बदलायचा. वूड ध्वनिमुद्रक म्हणून तंतुवाद्यं टिपण्यात तरबेज होता.

कर्बीचं पहिलं मोठं काम 'वे टु ब्लू'. या गाण्यात गिटारच नाही. ज्या मुलाची सगळी ओळख गिटारच्या बोटांची, त्यानं आपल्या पहिल्याच तबकडीत एका गाण्यासाठी गिटार खाली ठेवली आणि सगळी स्वरसंगत मित्राच्या तंतुवाद्यांच्या हवाली केली. इतका विश्वास संयोजकाच्या वाट्याला आयुष्यात एकदा आला तरी पुष्कळ. बॉइडनं त्या सत्राची आठवण लिहिली आहे. वूड आधी एकेका वाद्याचा आवाज स्वतंत्र ऐकत होता, मायक्रोफोन हलवत होता, एकेक तुकडा कानावर पडत होता. त्यातून काही अंदाज येत नव्हता. मग त्यानं सगळे चॅनल एकदम उघडले, पूर्ण संयोजन एकत्र ऐकू आलं आणि नियंत्रण कक्षातली माणसं थक्क झाली.

ऐकताना एक लक्षात घ्या. ही तंतुवाद्यं ड्रेकच्या आवाजाखाली पसरलेली नाहीत. आजच्या भाषेत ज्याला आपण 'पॅड' म्हणतो, म्हणजे की-बोर्डवर चार बोटं दाबून धरलेला ढग, तसं इथं काही नाही. समूहगायनातल्या चार आवाजांसारख्या ओळी चालत असतात आणि ड्रेक पाचवा गायक असल्यासारखा त्यांत मिसळतो. तो ओळ संपवतो तेव्हा त्या उरलेलं वाक्य पुरं करतात. हे हँडलच्या काळच्या इंग्रजी चर्चसंगीताशी नातं सांगणारं लिखाण आहे. वीस वर्षांच्या मुलानं ते पॉपच्या सवयींपासून दूर ठेवलं, कदाचित त्या सवयी त्याला लागल्याच नव्हत्या म्हणूनही.

तबकडीत एकूण दहा गाणी, त्यांतल्या चारच गाण्यांना कर्बीचं संयोजन आहे : 'वे टु ब्लू', 'डे इज डन', 'थॉट्स ऑफ मेरी जेन' आणि 'फ्रूट ट्री'. 'मेरी जेन'मध्ये बासरी आहे, 'फ्रूट ट्री'त ओबोच्या घराण्यातलं कोर आंग्ले. बाकीच्या गाण्यांत कुठं डॅनी थॉम्पसनचा डबल बास, कुठं पॉल हॅरिसचा पियानो, कुठं एकटा चेलो, कुठं काँगा. नवा संयोजक हाती लागला म्हणून बॉइडनं सगळीकडे वाद्यवृंद ओतला नाही. याचं श्रेय निर्मात्याला द्यायलाच हवं.

जे गाणं कर्बीनं सोडलं

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या भागाबद्दल.

'रिव्हर मॅन' हे ड्रेकचं गाणं पाच मात्रांत आहे. आपल्याकडे झपताल ऐकत वाढलेल्या कानाला पाचाचं अप्रूप नाही, दोन-तीन-दोन-तीन हे अंगात भिनलेलं असतं. पण चर्चसंगीतात वाढलेल्या विद्यार्थ्याला पाचाचं आवर्तन लिहिणं निराळं. त्यातून हे गाणं संथ वाहणारं, आणि गाणारा मात्रेच्या अल्याड-पल्याड शब्द टाकणारा. कर्बीनं सांगितलं, हे मला जमत नाही.

विचार करा. पहिलीच संधी आहे. मुरलेल्या संयोजकाला बाजूला करून ही जागा मिळालीय. तबकडीतलं बहुधा सर्वांत चांगलं गाणं समोर आहे. अशा वेळी नव्वद टक्के मुलं 'करतो' म्हणतात आणि रात्रभर जागून काहीतरी उभं करतात. मीही म्हटलं असतं.

मग बॉइडनं हॅरी रॉबिन्सनला बोलावलं. जुना, हरहुन्नरी माणूस, पॉपमध्ये नाव काढलेला, हॅमर कंपनीच्या भयपटांना संगीत देणारा. ड्रेकला या गाण्यासाठी डेलियस या इंग्रज संगीतकाराच्या धाटणीचा नाद हवा होता, धुक्यासारखा, स्वर एकमेकांत विरघळणारा. रॉबिन्सनला तो बाज ठाऊक होता. ध्वनिमुद्रणात ड्रेक स्टुडिओच्या मध्यभागी गिटार घेऊन बसला, वादक भोवती, रॉबिन्सन समोर उभा राहून हातवारे करणारा, आणि आवाज, गिटार, वाद्यवृंद सगळं एकाच वेळी टेपवर गेलं. आज आपण क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरलेल्या ठोक्यावर, ट्रॅक करतो, गायक महिन्यानं येऊन डब करतो. त्या गाण्यात तंतुवाद्यं ड्रेकच्या शब्दाची वाट पाहतात आणि तो किंचित मागं सरकला की त्याही सरकतात. एकत्र बसल्याशिवाय हे होत नाही.

म्हणजे कर्बीनं गाणं सोडल्यामुळे तबकडीला तिचं सर्वांत गहिरं गाणं मिळालं, आणि कर्बीचंही काही बिघडलं नाही. पुढची तबकडी त्याच्याचकडे आली.

पुढं

'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' खपली नाही. ड्रेकच्या हयातीतल्या तिन्ही तबकड्या प्रत्येकी पाच हजार प्रतींच्या आतच राहिल्या असं सर्वत्र सांगितलं जातं. ड्रेकला मंचावर गाणं जमत नव्हतं. एक गाणं झालं की पुढच्यासाठी तारा पुन्हा लावायच्या, तोवर श्रोत्यांशी एक शब्द नाही, आणि क्लबातली मंडळी गप्पांना लागायची. इथंही त्या वेगळ्या जुळवण्याच आडव्या आल्या. स्टुडिओत ज्यांनी त्याला त्याचा नाद दिला त्यांनीच मंचावर त्याचा खोळंबा केला.

दुसऱ्या तबकडीत, 'ब्रायटर लेटर'मध्ये, कर्बीला मोठं मैदान मिळालं. तंतुवाद्यांबरोबर पितळी वाद्यंही आली, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक बँडचे वादक ताल धरायला होते, आणि तीन निव्वळ वाद्यरचनाही झाल्या. मला ती तबकडी आवडते, पण तिथं काही ठिकाणी वाद्यं जास्त झाली आहेत असं मला वाटतं. पहिल्या तबकडीत जागा राखण्याची जी चिकाटी होती ती थोडी सैल पडली.

तिसरी तबकडी 'पिंक मून'. ऑक्टोबर १९७१ मध्ये ड्रेक आणि जॉन वूड दोघंच रात्रीच्या वेळी त्याच स्टुडिओत बसले आणि दोन रात्रींत काम संपलं. आवाज आणि गिटार, एका गाण्यावर थोडा पियानो, बस. संयोजक नाही. कर्बीवर रागावून त्यानं हे केलं नाही. ड्रेकला आता एकटंच राहायचं होतं. मनाचा आजार बळावत गेला होता. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी तो गेला. वय २६.

कर्बी दरम्यान केंब्रिज सोडून पूर्णवेळ संयोजक झाला होता. बॉइडनंच निर्मिलेल्या, गायिका व्हॅश्टी बन्यनच्या 'जस्ट अनदर डायमंड डे' या तबकडीतल्या काही गाण्यांचं संयोजन त्याचं. फोक आणि फोक-रॉकच्या कितीतरी तबकड्यांवर बारीक अक्षरात त्याचं नाव सापडतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो स्ट्रॉब्स या बँडमध्ये की-बोर्डही वाजवत होता. पण त्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या संगीताचा वारा फिरला, पंक आलं, सिंथेसायझर आला, तंतुवाद्यांचं काम आटलं. तो मार्केटिंगच्या क्षेत्रात नोकरीला लागला. घर चालवायचं तर करावं लागतं. आपल्याकडेही की-बोर्ड आला तेव्हा मुंबईच्या व्हायोलिन सेक्शनमधल्या कितीजणांवर ही वेळ आली, हे त्यांच्या घरच्यांना विचारावं.

नव्वदनंतर ड्रेकची गाणी पुन्हा ऐकली जाऊ लागली. १९९९ च्या सुमारास एका मोटारीच्या जाहिरातीत 'पिंक मून' वाजलं आणि अमेरिकेत त्याच्या तबकड्या एकदम उचलल्या गेल्या. कर्बीलाही नव्या पिढीचे लोक शोधत आले. २००० साली गायक पॉल वेलरच्या 'हीलिओसेंट्रिक' या तबकडीसाठी त्यानं तंतुवाद्यं लिहिली.

आणि मग २००४. सुरुवातीला सांगितलेल्या त्या नाकारलेल्या सत्रातलं एक गाणं, 'आय वॉज मेड टु लव्ह मॅजिक', ह्यूसनच्या वाद्यवृंदासह १९८०च्या दशकात मागाहून प्रकाशित झालं होतं. त्याच गाण्यासाठी कर्बीनंही विद्यार्थिदशेत संयोजन लिहून ठेवलं होतं, ते कधी ध्वनिमुद्रितच झालं नव्हतं. 'मेड टु लव्ह मॅजिक' या नव्या संग्रहासाठी ड्रेकचा आवाज त्या जुन्या टेपवरून घेतला, कर्बीच्या कागदाशी जुळावा म्हणून त्याचा वेग थोडा बदलला, आणि भोवती नव्यानं वाद्यं वाजवून घेतली. आज एकच गाणं, एकच गायन, दोन संयोजनांत ऐकायला मिळतं. शिकणाऱ्यांनी ही दोन्ही पाठोपाठ ऐकावीत, हेडफोन लावून, डोळे मिटून. ह्यूसनच्या रूपात आवाजाभोवती दाट पडदा आहे, आवाज त्यातून वाट काढत येतो. कर्बीच्या रूपात आवाज आधी येतो आणि वाद्यं त्याच्या मागून हालतात.

ते एकल गाणं म्हणूनही निघालं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळीसांत गेलं. हयातीत निक ड्रेकचं एकही गाणं तिथं पोचलं नव्हतं. कर्बी तेव्हा ५६ वर्षांचा होता. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, तोही गेला. २००४ च्या त्या सत्रात गायक समोर नव्हता, त्याची बोटं पाहायची सोय नव्हती. वादकांपुढं मांडला होता तो केंब्रिजच्या दिवसांतला, ३६ वर्षांपूर्वी ती बोटं पाहून लिहिलेला कागद.